मिरजेची हवा आणि गवयाचा दमा

गाडी बदलायला उतरणारे सोडले, तर मिरजेला येण्याची कारणे गेली सव्वाशे वर्षे दोनच आहेत : दुखणे नाहीतर गाणे. स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याला हे पाठ असते. हातात एक्स-रेचा लिफाफा दिसला की तो दवाखान्यांची नावे घेऊ लागतो, गवसणीतला तंबोरा दिसला की सतारमेकर गल्ली. माझ्याकडे बहुतेक वेळा दोन्ही असते, त्यामुळे त्याची पंचाईत होते. मी ख्याल गाते, शिकवते आणि लहानपणापासून मला दमा आहे.

दमेकऱ्याला श्वास घेता येत नाही, असे लोकांना वाटते. खरी अडचण घेतलेला श्वास सोडण्याची असते. छाती हवेने तट्ट फुगलेली आणि तरी जीव गुदमरतो. गाणे म्हणजे तर सगळा सोडण्याचाच कारभार. त्यात ज्या पंपाने श्वासनळ्या मोकळ्या राहतात, त्यातल्या स्टिरॉइडने आवाज बसतो. म्हणून पंप ओढला की खळखळून चूळ भरायची, घसा धुवायचा, मग थोडे थांबून षड्ज लावायचा. हा आमचा रियाजाचा श्रीगणेशा. उसाच्या फडात पाचट पेटले की तो दिवस गाण्यातून वजा. विसर्जनाच्या मिरवणुका मी खिडकी लावून ऐकते, कारण गुलाल.

असे गाणारी या गावातली मी पहिली नव्हे. ज्यांच्यापासून आमच्याकडच्या गाण्याची वंशावळ सुरू होते, ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दमेकरीच होते. ग्वाल्हेर गायकीच्या वासुदेवबुवा जोशींकडे त्यांनी वर्षानुवर्षे राबून विद्या मिळवली. मग मुंबईला बिऱ्हाड केले, तिथे गायन समाज काढला, ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिकही चालवले. उद्योगी माणूस. पण मुंबईची दमट हवा त्यांच्या छातीला मानवली नाही. त्यांनी मुंबई सोडली आणि औंध, मिरज, शेवटी इचलकरंजी असे ते कोरड्या हवेच्या बाजूला सरकत आले. ग्वाल्हेरची गायकी कृष्णाकाठी रुजली, याचे श्रेय आपण गुरुकृपेला देतो. थोडे दम्यालाही द्यायला हरकत नाही.

हवा चांगली म्हणून पोट भरत नाही. मिरजेला पटवर्धनांचे संस्थान होते, इचलकरंजीला घोरपड्यांची जहागीर. दरबारी गवयाला बांधलेले वेतन मिळे. एखाद्या रात्री धाप लागून गाता आले नाही, तर त्या रात्रीची चूल बंद पडत नसे. दीर्घ दुखण्याच्या माणसाला याचे मोल कळते. आमच्या दुखण्याला तिथीवार नसतात. बैठकीमागे बिदागी घेणाऱ्याला प्रत्येक वाईट दिवस खिशातून भरावा लागतो. बुवांचे गाणे संस्थानिकांनी जपले, असे इतिहासात लिहिलेले असते. माझ्या मते त्यांनी बुवांचे वाईट दिवस अंगावर घेतले, हे जास्त मोठे.

बुवा मिरजेत असतानाच त्यांच्यापुढे एक मुलगा येऊन बसला. कुरुंदवाडचा, कीर्तनकाराचा मुलगा, विष्णू दिगंबर पलुसकर. नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे भाजले. उपचारासाठी त्याला मिरजेला डॉक्टर भडभड्यांकडे आणले. दृष्टी पुरती सुधारेना, म्हणजे शाळा संपली. तेव्हा मुलाचा गळा बरा आहे, त्याला गाणे शिकवा, असे डॉक्टरांनीच सुचवले. राजेसाहेबांनी भार उचलला आणि विष्णू बुवांच्या हाती गेला. दम्याने गावी आणलेला गुरू आणि डोळ्यांनी गावी आणलेला शिष्य, अशी ती शिकवणी. ती 1896 पर्यंत चालली.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. 5 मे 1901 रोजी पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पण माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाते. राजाच्या मर्जीवर शिकलेल्या या माणसाने मर्जीची गरजच उरू नये अशी व्यवस्था उभी करायला घेतली. फी भरून कुणीही शिकावे, उपदेशक वर्गातल्या मुलांनी विद्यालयातच राहावे-जेवावे आणि शिकून बाहेर पडल्यावर शिकवून पोट भरावे. ज्याला स्वतःला अक्षर नीट दिसत नव्हते, त्याने स्वरलिपी बसवली आणि ती छापायला छापखानाही काढला. कर्जात मुंबईची इमारत गेली तरी शिष्यांचे जाळे टिकले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेतच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षांना आजही खेड्यापाड्यातली मुले बसतात आणि त्या परीक्षांमुळे माझ्यासारख्या शेकडो शिक्षिकांचा किराणा भरला जातो. घरी बसून, प्रकृतीच्या कलाने शिकवता येईल असे काम त्यांनी ठेवून दिले.

मिरजेतच हे सगळे का जुळले, त्याला दैवी कारण शोधायची गरज नाही. 1890च्या सुमारास रेल्वे आली. 1894 मध्ये कॅनडाहून आलेल्या डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिशनचा दवाखाना उघडला. तिथल्या शस्त्रक्रियांची कीर्ती एवढी पसरली, की दूरदूरचे रोगी गाडीत बसून मिरजेला येऊ लागले. सांगली-मिरजेमधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची, तिथे क्षयाच्या रोग्यांसाठी आरोग्यधाम होते. सतारमेकर गल्ली तर दवाखान्याच्याही आधीची. शिकलगारांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे. लढाया संपल्या, तसे ते तंबोरे-सतारींकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, वर्षभर सुकतात आणि मग कोरायला घेतले जातात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मी माझे घरी मागवून घेतले. भोपळा घासतानाची धूळ मला झेपत नाही. जवारी लावायची असली तर शिष्येच्या हाती तंबोरा पाठवते. कारागीर फोनवर जवारी ऐकवतात, “ताई, उघडी वाटते का अजून?” मी घरून सांगते, थोडी घासा.

एकदा औषधाला आलेला माणूस गावात गाण्याला अडकतो, हे इथे पुन्हा पुन्हा घडले. अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगच्या दिवसांत मिरजेत आजारी पडले आणि ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात मागणे मागून बरे झाले, असे गावात सांगतात. ते इथलेच झाले. 1937 साली मद्रासकडच्या प्रवासात एका स्टेशनावर त्यांनी प्राण सोडला, तरी दफन मिरजेत, दर्ग्याच्या आवारात झाले. उरुसात तिथे चिंचेखाली गवई हजेरी लावतात. नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या तरुणाला शाहू महाराजांनी कानाच्या दुखण्यासाठी मिरजेला दवाखान्यात पाठवले होते. किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम गावात होता आणि भाऊराव कोल्हटकर गेल्यापासून त्यांची नायिकेची जागा रिकामी होती. 1905 मध्ये मिरजेच्याच रंगभूमीवर तो शकुंतला झाला. पुढचे बालगंधर्व ते हेच.

कुमार गंधर्वांची कथा मिरजेची नव्हे, पण तिचा धागा इथूनच जातो. त्यांचे गुरू बी. आर. देवधर मिरजेत जन्मले, पलुसकरांचे शिष्य. 1947 साली कुमारांना क्षय झाला. 1948च्या सुरुवातीला ते कोरड्या हवेसाठी देवासला गेले आणि काही वर्षे त्यांना गाण्याची बंदी होती. एक फुप्फुस निकामी झाले. म्हणून ते तुकड्या-तुकड्यांत गातात, दुखण्याने नवे गाणे जन्माला घातले, असे लोक हौसेने म्हणतात. मला ते पटत नाही. दुखणे काही जन्माला घालत नाही, ते फक्त खाते. त्या वर्षांत देवासला तीन गोष्टी होत्या. नव्याने आलेले स्ट्रेप्टोमायसिन होते. खिडकीतून कानावर पडणारी माळव्याची लोकगीते होती, ज्यांच्यातून त्यांना धुनउगम राग सापडले. आणि भानुमतीबाई होत्या. स्वतः गाणाऱ्या या बाईंनी शाळेत नोकरी धरून घर चालवले आणि पतीची शुश्रूषा केली. 1961 साली त्या बाळंतपणात गेल्या. नंतर मैफलीत कुमारांच्या मागे बसून त्यांच्या दुसऱ्या पत्नी वसुंधराबाई साथ करू लागल्या.

मागे बसणे ही आपल्या गाण्यातली फार जुनी चाल. शिष्य तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसतो आणि गुरूने खूण केली की तोच स्वर पुढे नेतो. शिक्षणाची ही रीत आहे, हे सगळे सांगतात. श्वासाच्या सोयीची रीत म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. मला मात्र ती पंपाइतकी लागते. विलंबित ख्यालात चौथ्या-पाचव्या आवर्तनाला माझी छाती वाजू लागते. तेव्हा मी मान किंचित डावीकडे वळवते. माझी शिष्या समेआधी मुखडा उचलते, मला अर्धे आवर्तन मिळते. तेवढ्यात मी ओठ मिटून सावकाश हवा सोडते. श्रोत्यांना वाटते, बाई रंगल्या. दुसरी शिष्या माझ्या पिशवीतला पंप कुठल्या कप्प्यात आहे हे बंदिशीइतके पाठ करून आलेली असते. दोघी नोकरी करणाऱ्या मुली, एक बँकेत, एक औषधाच्या दुकानात. राजाच्या खजिन्यातून बुवांना मिळायचे ते मला या दोघींच्या रजांमधून मिळते.

आजाराशी झुंज देत कला फुलवली, अशी वाक्ये माझ्या परिचयातही छापून येतात. वाचून बरे वाटते, पण हिशेब चुकतो. बुवांमागे संस्थान होते, पलुसकरांमागे डॉक्टर आणि राजा, कुमारांमागे शाळामास्तरीण बायको. झुंज एकट्याने द्यायची गोष्ट असती, तर या तिघांपैकी एकही नाव आज आपल्याला माहीत नसते. संस्थाने विलीन झाली, ठीक झाले. ज्याची मर्जी सांभाळावी लागते त्याचा आधारही धाक घालतो. पण वाईट दिवसांचा भार कुणीतरी उचलावा लागतो, हे संस्थानांबरोबर विलीन झालेले नाही. गाण्याच्या वर्गाला आजारपणाची रजा नसते, बैठक रद्द झाली तर मानधनही रद्द होते. संगीत मंडळांनी यासाठी छोटा निधी ठेवला, तर खर्च सजावटीच्या फुलांइतकाच येईल.

तोवर मी माझ्यापुरते नियम केले आहेत. निमंत्रण आले की मानधनाआधी विचारते : सभागृह कितव्या मजल्यावर, उदबत्ती लावणार का, मागे दोघींना बसायला जागा आहे का? आयोजक याला हो म्हणतात. शेवटची अट मात्र त्यांना दरवेळी नवी वाटते. पत्रिकेवर तबला-पेटीवाल्यांच्या ओळीत या दोघींचीही नावे घाला, त्याच टायपात.