तुझं तू, माझं मी

आमच्या एका मावशींनी 'टीटीएमएम' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना ती बँकेची परीक्षा वाटली. भाचरं हॉटेलात जायला निघाली होती आणि चपला घालता घालता कुणीतरी ओरडलं, "आज टीटीएमएम हं!" मावशींनी अर्थ विचारला. 'तुझं तू, माझं मी' असा उलगडा झाल्यावर त्यांचा चेहरा पडला. "अगं बाई, भांडलात की काय?"

मावशींचं मराठी पक्कं होतं. "तुझं तू बघ, माझं मी बघतो" हे वाक्य आपल्याकडे चूल वेगळी होताना बोललं जातं. भाऊ भावाला म्हणतो, जाऊ जावेला म्हणते, आणि त्यानंतर बराच काळ कुणी कुणाशी काही बोलत नाही. या वाक्यातलं क्रियापद गाळलं आणि उरलेल्या चार शब्दांची रोमन आद्याक्षरं घेतली की पुण्यामुंबईच्या कॉलेजांच्या कट्ट्यांवरचा हा लाडका शब्द तयार होतो. मराठी रीतीनं लघुरूप करायचं तर 'तुतुमामी' झालं असतं आणि ते एखाद्या नातेवाईक बाईचं नाव वाटलं असतं. इंग्रजी अक्षरांच्या आडोशाला गेल्यामुळे वाक्यातली धार गेली. भांडणाचं वाक्य मैत्रीच्या कामाला लागलं, ते असं. २०१७ साली ललित प्रभाकर आणि नेहा महाजन यांचा याच नावाचा चित्रपटही आला.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. बिलाचं विचारायला हरकत नसावी.

जगात या प्रथेला जी नावं आहेत त्यांत एक गंमत आहे. ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर खपवलेली असतात. इंग्रजीत ती डचांची. सतराव्या शतकात, १६५२ ते १६७४ या काळात, इंग्रज आणि डच समुद्री व्यापारावरून तीनदा लढले, आणि त्या वैरात इंग्रजांनी 'डच' हे विशेषण जमेल तिथे हिणकस अर्थानं चिकटवलं. दारूच्या घोटातून आलेलं शौर्य ते डच शौर्य. फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ च्या बाजारू शब्दांच्या कोशात 'डच मेजवानी' आहे, म्हणजे पाहुण्यांच्या आधी यजमानच झिंगतो ती. 'डच ट्रीट', म्हणजे ज्याचं त्यानं द्यायचं अशी मेजवानी, हा शब्द मात्र बऱ्याच उशिरा, १८७० च्या दशकात अमेरिकेत रुळला. तिथे पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मनांनाही लोक डचच म्हणत, त्यामुळे हा शिक्का नेमका कुणावर मारला होता यावर अजून वाद घालता येतो. तुर्कांना विचाराल तर ही जर्मनांची पद्धत. थायलंडमध्ये 'अमेरिकन शेअर'. इटलीत रोमची तऱ्हा, पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराची. कोरियात थेट 'डच पे'. चीननं आपल्यासारखीच रोमन अक्षरं घेतली, 'एए'. एकूण काय, हिशेबीपणा सगळ्यांना हवा असतो, पण तो आपल्या घरात जन्मला असं कुणाला म्हणायचं नसतं. मराठीनं इथे कुठल्या देशाला वेठीला धरलं नाही, दोन सर्वनामांवर भागवलं. मला त्याचं कौतुक वाटतं.

प्रथा अर्थात या सगळ्या नावांहून पुष्कळ जुनी आहे. ग्रीकांकडे प्रत्येकानं आपला वाटा घालून केलेल्या जेवणाला 'एरानोस' हा शब्द होता. होमरच्या 'ओडिसी'च्या पहिल्याच सर्गात तो येतो. ओडिसियसच्या घरात त्याच्या बायकोशी लग्न करू पाहणारे उमेदवार फुकटचं चरत बसलेले असतात. वेषांतर करून आलेली अथीना तो धिंगाणा पाहते आणि ओडिसियसच्या मुलाला विचारते की ही मेजवानी आहे की लग्न, कारण वर्गणीचं जेवण तर हे दिसत नाही. स्वतःच्या खिशातून घातलेला माणूस असा ताळ सोडून खात नाही, हे देवीनं पंगत पाहूनच ओळखलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

याहून लाडकी माझी दुसरी जागा. इसवी सनापूर्वी १६१ मध्ये रोममध्ये टेरेन्सचं 'युनुकस' हे नाटक झालं. त्यात अथेन्सजवळच्या पायरियस बंदरात काही तरुण पोरं जमतात आणि ठरवतात, अमुक दिवशी वर्गणी काढून जेवायचं. काइरिया नावाच्या मित्राला व्यवस्थापक नेमतात. तारण म्हणून प्रत्येक जण आपली अंगठी देतो, वेळ ठरते, जागा ठरते. ठरल्या दिवशी अँटिफो हा मित्र येतो तर जागेवर काहीच तयारी नाही, आणि काइरिया बेपत्ता. तो एका मुलीच्या मागे लागून भलत्याच उद्योगात गुंतलेला असतो. अँटिफोला बाकीच्यांनी शोधायला पिटाळलेलं, आणि तो वैतागून रस्त्यावर उभा. दोन हजार वर्षं उलटून गेली आहेत, पण सहलीचे पैसे गोळा करून फोन न उचलणारा मित्र ज्याला भेटला आहे, त्याला हा प्रवेश समजायला लॅटिन येण्याची गरज नाही.

जपानात बिलाची सारखी वाटणी म्हणजे 'वारिकान', आणि तिचं श्रेय तिथे एका लेखकाला देतात. सान्तो क्योदेन हा एदोमधला, म्हणजे आजच्या तोक्योतला, रंगेल गोष्टी लिहिणारा माणूस. १७९१ मध्ये त्याच्या पुस्तकांवर सरकारची खप्पा मर्जी झाली आणि त्याला पन्नास दिवस हातात बेड्या घालून ठेवलं. पुढे त्यानं तंबाखूच्या बटव्यांचं दुकान चालवलं. मित्रांबरोबर बसला की उठताना तो माणशी हिशेब करून मोकळा व्हायचा, म्हणून मंडळी या पद्धतीला 'क्योदेन हिशेब' म्हणू लागली, असं सांगतात. लेखकाच्या नावानं पैशाची काही पद्धत ओळखली जावी आणि ती उधारीची नसावी, हे विरळाच.

आता आपल्याकडे. आपली मूळ वृत्ती टीटीएमएमच्या नेमकी उलट, ती म्हणजे काला. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, एकत्र कालवल्या, आणि कुणाचं दही कुणाच्या भाकरीला लागलं ते सांगायची सोय ठेवली नाही. आषाढी वारीची सांगतासुद्धा पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात गोपाळकाल्यानं होते. त्याचंच सौम्य रूप म्हणजे शाळेतली अंगतपंगत. डबा ज्याचा त्याचा, पण गोल करून बसायचं आणि मधे हात चालवायचे. लोणचंपोळी आणणाऱ्यानं श्रीखंड आणणाऱ्याच्या डब्यात बोट घातलं तर बाई रागवत नसत.

काटेकोर माणशी हिशेब आपल्याला शिकवला तो मुंबईनं. कोकणातून गिरणीत आलेले चाकरमानी गावकीच्या खोलीत दाटीवाटीनं राहत, पाळीपाळीनं झोपत, आणि भाड्याचा वाटा डोईमागे काढत. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर, पगार झाला की चुकवायचं. एकाच पंगतीत दहा जण बसले तरी दहा खाती. यात अपमान नव्हता, उलट कुणाचं मिंधं राहायला नको ही त्यातली शान होती. टीटीएमएमची ही खरी आजी, असं मला वाटतं.

हॉटेल आलं आणि हे पुन्हा बिघडलं. जुन्या इराण्याकडे किंवा उडप्याकडे बिलाची चिठ्ठी हातात पडेलच असं नसे. तुम्ही उठून गल्ल्याकडे निघालात की पोऱ्या मागून खणखणीत आवाजात आकडा पुकारायचा. त्या एका आकड्यात कुणाचा बनमस्का आणि कुणाचं ऑम्लेट हे विरघळून गेलेलं असे. शिवाय गल्ला दारात आणि वाट अरुंद. जो पुढे, तो देणार. म्हणून मागच्या पिढीच्या सगळ्या मारामाऱ्या गल्ल्यासमोरच्या. एकानं दुसऱ्याचा हात धरायचा, दुसऱ्यानं शपथ घालायची, तिसऱ्यानं मधूनच नोट सरकवायची, आणि चौथा नेमका तेव्हाच बुटाची नाडी बांधायला वाकलेला. त्या नाडीबांध्याला प्रत्येक गटात मान होता. चामडी घडीत लपवलेलं, बडीशेपेच्या वाटीसोबत येणारं छापील बिल टेबलावर आलं तेव्हा कुठे कोणी काय खाल्लं याचा लेखी पुरावा तयार झाला आणि टीटीएमएमला पाय फुटले.

नाण्यांचीही यात बाजू आहे. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा दोघांत, चौघांत, आठांत वाटणी हसतखेळत व्हायची. तिघांचं काय? त्यासाठी पै होती. आण्याच्या बारा पै, रुपयाच्या एकशे ब्याण्णव, म्हणून रुपयाचा तिसरा हिस्सा बरोबर पाच आणे चार पै. पै न पै चुकती करणं हा नुसता वाक्प्रचार नव्हता, तिघा मित्रांना ते शक्य होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि शंभराला तिनानं भाग जात नाही ही अडचण देशभरातल्या तिकडींच्या नशिबी आली.

टीटीएमएम आणि 'काँट्री' या दोन गोष्टी लोक एक समजतात, त्या तशा नाहीत. काँट्री म्हणजे बेरीज करून डोकी मोजायची. टीटीएमएम म्हणजे ज्याचं त्याच्या माथी. फरक किती पडतो ते उरी नीझी, एर्नान हारुवी आणि हादास याफे या संशोधकांनी इस्रायलमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये मोजलं. सहा-सहा अनोळखी माणसांचे गट जेवायला बसवले. ज्याचं त्यानं द्यायचं होतं तिथे माणशी सरासरी ३७ शेकेल खर्च झाला. सारखी वाटणी होती तिथे ५१. आणि बिल संशोधकांनी भरलं तिथे ८२. हा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. अथीनाला त्यात नवीन काही दिसलं नसतं.

अनोळखी माणसांचं ठीक आहे. मित्रांत मात्र आकड्यांआधी संकष्टी येते. पाच जणांत एकाचा उपास, तो साबुदाणा वडा खाऊन बसलेला आणि बाकीचे सुरमईवर तुटून पडलेले. अशा वेळी काँट्री म्हणणारा माणूस मनातून उतरतो. दारूच्या बाबतीत सरकारनं नकळत मदत केली आहे. पिण्याची दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तिचं बिल वेगळंच येतं किंवा निदान वेगळी बेरीज मिळते. न पिणाऱ्यानं ते शांतपणे पलीकडे सरकवावं. पिणाऱ्यानं 'चकणा तू पण खाल्लास' असं म्हणू नये. तसं पाहिलं तर शिष्टाचाराचा खरा नियम एकच आहे, शब्द ऑर्डरच्या आधी उच्चारायचा. आधी म्हटलं तर टीटीएमएम, बिल आल्यावर म्हटलं तर मावशींना वाटलं होतं ते.

काही प्रसंग यातून सुटलेले आहेत. वाढदिवस ज्याचा, खर्च त्याचा. अमेरिकेत गेलेल्या आपल्या पोरांना तिथले मित्र उलट वाढदिवसवाल्याचंच बिल वाटून घेताना पाहून आधी धक्का बसतो आणि मग दर वर्षी आनंद होतो. पहिला पगार, नवी गाडी, ठरलेलं लग्न, यांत "पार्टी कधी?" हा प्रश्न म्हणजे वसुलीची नोटीसच. तिथे तुझं तू म्हणणाऱ्याला माफी नाही.

२०१६ साली दोन गोष्टी झाल्या. भारतात यूपीआय आलं आणि तिकडे हॉलंडमध्ये एबीएन आम्रो बँकेनं 'टिकी' नावाचं ॲप काढलं. टिकी म्हणजे हलकी टपली. जेवण झाल्यावर मित्राला त्याच्या वाट्याची मागणी पाठवायची, की झाली टपली. शब्द इतका मुरला की डच लोक आता पैसे मागत नाहीत, टिकी पाठवतात. ज्यांच्या नावानं इंग्रजांनी तीनशे वर्षं नाकं मुरडली, त्यांनी शेवटी ते काम मनावर घेतलं म्हणायचं.

आमच्याकडे सुट्ट्यांचं निमित्त यूपीआयनं संपवलं. नाडीबांधेसुद्धा आता बसल्या जागी सापडतात. परवा आम्ही तिघं जुने मित्र भेटलो. मिसळ, चहा, वर आणखी एक चहा, बिल २५० रुपये. तिघांचं सारखंच होतं. मी दिले, आणि रस्ता ओलांडेपर्यंत फोन दोनदा वाजला, ८३ रुपये ३३ पैसे, ८३ रुपये ३३ पैसे. घरी येऊन बेरीज केली तर माझ्या वाट्याला ८३ रुपये ३४ पैसे आले होते. जुन्या हिशेबात प्रत्येकी ८३ रुपये ५ आणे ४ पै झाले असते आणि कुणाचं काही उरलं नसतं. एक पैसा माझ्या अंगावर राहिला आहे. पुढच्या वेळी ऑर्डरच्या आधी बोलणार आहे.