योसेमिटी दरी (प्रस्तरारोहण क्षेत्र)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर असलेली हिमनदीनिर्मित दरी. लांबी सुमारे १२ किमी., तळाची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,२०० मी. दरीतून मर्सेड नदी वाहते. अवानीची लोकांची ही मूळ वसतिभूमी. १८६४ मध्ये तिला कायद्याने संरक्षण मिळाले. आज ती योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मोडते. १९८४ पासून हे उद्यान जागतिक वारसास्थळ आहे.

भूरचना : येथील ग्रॅनाइट मुख्यतः क्रिटेशस काळातील, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. नदीने कोरलेली दरी हिमनद्यांनी खरवडून खोल व रुंद केली. ग्रॅनाइटात जेथे तडे दाट होते तेथे बर्फाने खडक उपसून नेला. जेथे तो अखंड होता तेथे एल कॅपिटनसारखे सरळसोट कडे उरले. एल कॅपिटन तळापासून सुमारे ९०० मी. उंच आहे. सह्याद्रीच्या बेसॉल्टात आडवे थर व त्यांमधील टप्पे आधार देतात. येथे मात्र उभ्या, लांबलचक भेगांत बोटे, मूठ किंवा पाऊल रुतवून चढावे लागते. भेगांतून चढण्याचे हे तंत्र या दरीत विशेष विकसित झाले.

आरोहणाचा इतिहास : १८७५ मध्ये जॉर्ज अँडरसन याने खडकात भोके पाडून, त्यांत लोखंडी खुंट बसवत दरीतील हाफ डोम या ग्रॅनाइट घुमटाचा माथा गाठला. दोर व पिटॉन (खडकाच्या भेगेत ठोकायचे धातूचे खिळे) वापरून पद्धतशीर चढाया १९३० च्या दशकात सुरू झाल्या. युरोपातील मऊ लोखंडाचे पिटॉन येथील कठीण ग्रॅनाइटात वाकत. त्यावर मूळच्या स्विस लोहार जॉन सालाथे याने पोलादी पिटॉन घडवले आणि १९४७ मध्ये अँटन नेल्सनसह लॉस्ट ॲरो सुळका सर केला. १९५७ मध्ये रॉयल रॉबिन्स, जेरी गालवास व माइक शेरिक यांनी हाफ डोमची वायव्य भिंत चढून पार केली. १९५८ मध्ये वॉरन हार्डिंग, वेन मेरी व जॉर्ज व्हिटमोर यांनी एल कॅपिटनवरील ‘नोज’ हा मार्ग पूर्ण केला. त्यासाठी दीड वर्षाच्या अवधीत पुन्हापुन्हा भिंतीवर जावे लागले. १९७५ मध्ये जिम ब्रिडवेल, जॉन लाँग व बिली वेस्टबे यांनी तोच मार्ग एका दिवसात चढला. दोर केवळ पडण्यापासून बचावासाठी ठेवून, हातापायांच्या बळावर तो प्रथम चढण्याचा मान १९९३ मध्ये लिन हिल या महिला आरोहकाने मिळवला. २०१५ मध्ये टॉमी काल्डवेल व केव्हिन जॉर्जेसन यांनी एल कॅपिटनवरील ‘डॉन वॉल’ याच पद्धतीने चढली. २०१७ मध्ये ॲलेक्स होनॉल्ड याने एल कॅपिटन दोराविना, एकट्याने सर केला.

खडकाचे जतन : पिटॉन वारंवार ठोकल्याने व उपटल्याने भेगांच्या कडा फुटून कायमचे खड्डे पडू लागले. हा खडक पुन्हा भरून येत नाही, याची जाणीव आरोहकांनाच झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी हातोडीविना, भेगेत नुसते अडकवून पुन्हा काढता येणारे धातूचे ठोकळे वापरण्याची चळवळ येथे फोफावली. १९७३ मध्ये हाफ डोमची वायव्य भिंत पिटॉन न ठोकता चढण्यात आली. पुढे रे जार्डिन याने स्प्रिंगवर उघडमीट करणारी आधारसाधने तयार केली. समांतर कडांच्या भेगांतही ती घट्ट बसतात. माथ्यावर पोहोचण्याइतकेच महत्त्व खडक अभंग राखण्याला देणारी ही शिस्त म्हणजे या दरीने गिर्यारोहणाला दिलेले सर्वांत मोठे देणे होय.

सद्यःस्थिती : वसंत व शरद हे चढाईचे अनुकूल ऋतू, उन्हाळ्यात भिंती फार तापतात. आरोहकांचा परंपरागत तळ ‘कॅम्प ४’ याची २००३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली. बहिरी ससाण्यांच्या विणीच्या काळात काही कडे चढाईसाठी बंद ठेवतात. भिंतीवर रात्र काढायची असल्यास परवाना लागतो. दरडी कोसळण्याचा धोका येथे कायम असतो. सप्टेंबर २०१७ मध्ये एल कॅपिटनवरून कोसळलेल्या दरडीत जीवितहानी झाली.