मार्गनिर्धारण, गतिक : भिन्न उत्पादकांच्या राउटरांमधील

संगणक-जालातून जाणारी माहिती इच्छित स्थळी कोणत्या वाटेने पाठवावयाची, हे राउटर या यंत्रांनी परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करून ठरविणे आणि एखादी वाट तुटताच दुसरी स्वीकारणे, यास गतिक मार्गनिर्धारण म्हणतात. याउलट, तंत्रज्ञाने प्रत्येक वाट हाताने नोंदविल्यास ते स्थिर मार्गनिर्धारण होय. जालातील यंत्रे निरनिराळ्या उत्पादकांची असली, म्हणजे त्यांची भाषा एक आहे की नाही, हा प्रश्न निर्माण होतो. मराठवाड्यात या प्रश्नाचा प्रत्यय रेल्वेच्या बाबतीत फार पूर्वीच आला होता. लातूरला १९११ मध्ये पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमी. रुंदीची होती, तर नांदेडवरून जाणारा निजामाच्या राज्यातील लोहमार्ग १,००० मिमी. रुंदीचा होता. एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर चालत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे.

अमेरिकेतील अर्पानेट या जालात (१९६९) मार्ग ठरविणारी सर्व यंत्रे बीबीएन या एकाच संस्थेने बनविली होती, त्यामुळे तेथे ही अडचण उद्‌भवली नाही. प्रत्येक केंद्राने आपले अंदाज शेजाऱ्यास कळवावयाचे, अशी त्यातील मूळ पद्धत होती. तीत वाट तुटल्याची वार्ता सावकाश पसरे व माहिती चक्राकार फिरत राही. म्हणून १९७९ मध्ये संपूर्ण जालाचा नकाशा प्रत्येक केंद्राजवळ ठेवणारी पद्धत स्वीकारण्यात आली. या दोन विचारधारा आजही टिकून आहेत.

पहिल्या धारेतील रिप हा प्रोटोकॉल बर्कली येथील युनिक्स प्रणालीबरोबर १९८३ पासून सर्वत्र पसरला. वास्तविक तो आधी प्रचारात आला व नंतर लिहिला गेला. चार्ल्स हेड्रिक यांनी प्रचलित व्यवहार आरएफसी १०५८ या दस्तऐवजात नोंदविला, तो १९८८ मध्ये. रिप केवळ टप्पे मोजतो आणि पंधरापेक्षा अधिक टप्प्यांवरचे स्थळ अगम्य मानतो. या मर्यादेवर सिस्को कंपनीने (स्थापना १९८४) स्वतःचा आयजीआरपी हा उपाय काढला, व पुढे ईआयजीआरपी. दोन्ही गुणाने सरस होते. परंतु ते स्वीकारणारी संस्था पुढील खरेदीसाठी एकाच विक्रेत्याशी बांधली जाई. ईआयजीआरपीचा तपशील आरएफसी ७८६८ द्वारे प्रसिद्ध झाला तो २०१६ मध्ये, म्हणजे बाजारपेठ स्थिरावल्यानंतर.

खुला पर्याय म्हणजे ओएसपीएफ. प्रोटिऑन कंपनीतील जॉन मॉय यांनी लिहिलेली त्याची पहिली संहिता १९८९ मध्ये, तर दीर्घकाळ प्रमाण ठरलेली आरएफसी २३२८ ही १९९८ मध्ये निघाली. बीजीपी या स्वायत्त जालांना जोडणाऱ्या प्रोटोकॉलचा जन्म अधिक बोलका आहे : जानेवारी १९८९ मध्ये सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या अभियंत्यांनी तो भोजनाच्या वेळी कागदी रुमालांवर आखला. १९९१ मध्ये आरएफसी १२६४ ने तर असा दंडकच घातला की, मार्गनिर्धारणाच्या प्रोटोकॉलास मानकाच्या पुढील पायरीवर जाण्यासाठी स्वतंत्रपणे लिहिलेल्या किमान दोन आवृत्त्या एकमेकींशी चालल्या पाहिजेत.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) आघाडीवर होते. टीसीपी/आयपी व ओएसआय अशा दोन मानक-परिवारांना या जालात आरंभी स्थान होते; १९९५ नंतर पहिल्याने दुसऱ्यास जवळजवळ हुसकावून लावले.

प्रयोगशाळेतील मांडणी उदाहरणाने स्पष्ट होईल. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे (स्थापना १९९४) मुख्यालय नांदेडला व उपकेंद्र लातूरला आहे. नांदेड, परभणी व लातूर अशा नावांचे तीन राउटर त्रिकोणात जोडले आणि नांदेड-लातूर हा थेट दुवा ६४ किलोबिट, तर परभणीमार्गे जाणारे दोन्ही दुवे १०० मेगाबिट प्रतिसेकंद ठेवले, तर रिप एका टप्प्याची थेट, पण मंद वाट निवडतो. ओएसपीएफ १०० मेगाबिट या प्रचलित मापाने थेट वाटेची किंमत १,५६२ आणि परभणीमार्गे दोनच धरतो. मात्र एका यंत्रात हे माप बदलले व दुसऱ्यात तसेच राहिले, तर जाण्याची व येण्याची वाट वेगळी होऊ शकते.

शेजार जुळण्यासाठी दोन्ही बाजूंचा क्षेत्रक्रमांक आणि अभिवादनाचा कालावधी (बहुधा १० सेकंद) सारखा असावा लागतो. एका वेळी पाठवावयाच्या माहितीची कमाल मर्यादा भिन्न असल्यास देवाणघेवाण अर्ध्यावर अडते; हा दोष निदान डोळ्यांस दिसतो. दुव्याचा प्रकार एका बाजूस द्विबिंदू व दुसऱ्या बाजूस प्रसारण असा नोंदविल्यास मात्र शेजार पूर्ण जुळल्याचे दिसते, पण मार्ग कोष्टकात येत नाहीत. नवख्याचे दिवसच्या दिवस यात जातात.

याहून गूढ भेद प्रोटोकॉलांच्या अग्रक्रमाचा आहे. तो मानकात ठरलेला नाही. सिस्कोची यंत्रे ओएसपीएफला ११० व रिपला १२० असे मूळ अंक देतात. लहान अंक श्रेष्ठ. ज्युनिपरची यंत्रे ओएसपीएफच्या अंतर्गत मार्गांस १०, बाह्य मार्गांस १५० व रिपला १०० देतात. साहजिकच, बाह्य मार्ग दोन्ही प्रोटोकॉलांतून कळल्यास एक यंत्र ओएसपीएफवर विश्वास ठेवते, तर दुसरे रिपवर. असे मार्ग दोहोंकडून परस्परांत मिसळले, तर माहिती दोघांमध्ये फिरत राहू शकते, आणि दोन्ही यंत्रे आपापल्या नियमाने बरोबरच असतात.

अध्यापनात रूढ असलेला पॅकेट ट्रेसर हा अनुकारक सिस्कोच्या यंत्रांपुरता असल्याने हे भेद त्यात दिसत नाहीत. विद्यार्थी एका कंपनीची बोली शिकतो आणि तीच प्रमाण भाषा समजतो. निविदेनुसार संमिश्र यंत्रे घेणाऱ्या कार्यालयात गेल्यावर त्याची पंचाईत होते. कुनिहिरो इशिगुरो यांनी १९९६ मध्ये आरंभिलेल्या झीब्रा या खुल्या प्रणालीतून क्वागा व २०१७ मध्ये एफआररूटिंग या प्रणाली निघाल्या. त्या साध्या संगणकावर विनामूल्य चालतात व महाविद्यालयाजवळच्या एकुलत्या जुन्या राउटरास जोडता येतात.