न निघणाऱ्या धातूची गोष्ट: दातांच्या इम्प्लांटच्या अपयशाचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर एकांनी मला विचारलं, ‘इम्प्लांटचा इतिहास सांगा की, फसलेल्या इम्प्लांटचा कशाला?’ त्याचं कारण असं, की या शास्त्राचा पायाच मुळी एका काढता न आलेल्या वस्तूवर उभा आहे. तिथूनच सुरुवात करू.

१९५०चं दशक. स्वीडनमधलं लुंड गाव. पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचा तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होता. त्याचा दातांशी काही संबंध नव्हता. हाडात टायटॅनियमची एक बारीक नळी बसवायची आणि सूक्ष्मदर्शकातून आत बघायचं, असा प्रयोग. नळ्या महाग, म्हणून त्या काढून पुन्हा वापरायचा विचार होता. पण काढायला गेला तर नळी निघेना! हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. दुसरा एखादा वैतागला असता. हा थांबला आणि असं का झालं याचा विचार करू लागला.

याचं महत्त्व कळायला त्याआधीची स्थिती बघायला हवी. १९३०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनला ॲल्विन स्ट्रॉक यांनी व्हायटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू जबड्यात बसवले. १९४०च्या दशकात स्वीडनच्या गुस्ताव डाल यांनी हिरडीखाली, हाडावर टेकणारा धातूचा सांगाडा आणला. पुढे १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या लेनर्ड लिंको यांचं ‘ब्लेड’ आलं, म्हणजे हाडात खाच पाडून बसवायचं चपटं पातं. यातली काही रोपणं अनेक वर्षं टिकली, हेही सांगायला हवं. पण बहुतेकांच्या भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊतींचं वेष्टण तयार व्हायचं. खऱ्या दाताभोवती असते तशीच ही गादी आहे, असं तेव्हा बरेच जण मानत. प्रत्यक्षात तिथून जंतू आत शिरत, रोपण हलू लागे. काढायला ते सोपं, पण तोवर आजूबाजूचं हाड झिजलेलं असे. ब्लेड लांबट, म्हणजे मागे खड्डाही लांबट. मग दुसरं बसवायचं कशात?

आता ब्रोनेमार्ककडे परत येऊ. १९६५ साली गोथेनबर्गला त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. २००६ साली लार्सन वारले, तोवर ते कामात होते. पण एका रुग्णावरून शास्त्र उभं राहत नाही. माझ्या मते खरी मोठी घटना १९८१ची आहे. त्या वर्षी आडेल आणि ब्रोनेमार्क यांच्या गटाने १५ वर्षांचा हिशेब छापला. ३७१ रुग्ण, ४१० दंतहीन जबडे, २,७६८ रोपणं. रुग्ण निवडून घेतलेले नव्हते, जसे आले तसे ओळीने. पाच ते नऊ वर्षं पाहणी झालेल्या गटात वरच्या जबड्यातली ८१ टक्के आणि खालच्या जबड्यातली ९१ टक्के रोपणं स्थिर राहिली होती. म्हणजे वरच्या जबड्यात जवळजवळ पाचातलं एक गेलं! हे त्यांनी लपवलं नाही. १९८२च्या टोरांटो परिषदेत उत्तर अमेरिकेतल्या दंतवैद्यांचं मत वळलं, त्यामागे हा उघडा हिशेब होता.

आता एक गंमत बघा. अपयश कशाला म्हणायचं, हेच मुळात बदललं. १९७८च्या हार्वर्ड परिषदेचे निकष असे: रोपण कोणत्याही दिशेने एक मिलिमीटरपेक्षा कमी हलत असेल तर चालेल, आणि ७५ टक्के रोपणं पाच वर्षं कामात राहिली तर पुरे. आठच वर्षांनी, १९८६ साली, आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी सांगितलं, अजिबात हलता कामा नये; पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. आणि पाच वर्षांनी ८५, दहा वर्षांनी ८० टक्के यश हवं. कालचं ‘यशस्वी’ रोपण आज ‘फसलेलं’ ठरलं. तोंड तेच, रुग्ण तोच!

पण घट्ट बसण्याची किंमतही होतीच. रोपण हाडाशी एकजीव झालंय, पण वाकडं बसलंय किंवा मध्येच तुटलंय, किंवा भोवती जंतुसंसर्गाने वरचं हाड झिजलंय आणि तळाशी मात्र ते पक्कं आहे. मग काढायचं कसं? जुना मार्ग म्हणजे पोकळ गोल करवतीने भोवतालच्या हाडासकट कापून काढणं. रोपण निघे, पण चांगलं हाडही जाई. नंतर उलट फिरवणारे पाने आले. स्क्रू उलटा फिरवून हाडाची पकड सोडवायची, हाड वाचतं. अतिध्वनी कंपनांनी हाड कापणारी उपकरणंही आली, ती मऊ भागाला कमी इजा करतात. खड्डा भरून काढायला १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पडद्याचं तंत्र मिळालं: हिरडीची वेगाने वाढणारी ऊती बाहेर अडवायची आणि आत हाडाला सावकाश भरू द्यायचं. त्याला महिने लागतात. एवढं करूनही दुसऱ्यांदा बसवलेलं रोपण पहिल्याइतकं टिकेलच असं नाही. आकडे थोडे खालीच येतात. पहिल्या अपयशाचं कारण, मग ते धूम्रपान असो, आटोक्यात नसलेला मधुमेह असो की हिरड्यांचा जुना आजार, तसंच राहिलं तर नवा स्क्रू त्याच वाटेने जातो.

शेवटी घरी नेण्यासारखी एक गोष्ट. प्रत्येक कंपनीच्या रोपणाची जोडणी वेगळी, पाना वेगळा. वीस वर्षांनी कंपनी असेल-नसेल, तुमचे डॉक्टरही निवृत्त झालेले असतील. तेव्हा आपल्या तोंडात कोणत्या कंपनीचं, कोणत्या मापाचं रोपण आहे, याचा कागद मागून घ्या आणि घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवा. ब्रोनेमार्कच्या गटाने २,७६८ रोपणांची नोंद ठेवली. आपल्याला आपल्या एका-दोनांची ठेवायची आहे.

आता प्रश्न घेऊ.