दोन अर्ज, एक जागा

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक वृत्तपत्रांत 'गोरा कामगार हवा' असे नोकरीच्या जाहिरातीतच उघड छापलेले असे. तेव्हा पुराव्याला तोटा नव्हता, तोटा कायद्याचा होता. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने हा भेद बेकायदा ठरवला आणि मालकांची भाषा बदलली. उत्तर कॅरोलिनात ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत. तिथला सर्वांत मोठा पगार इतर विभागांतल्या सर्वांत लहान पगाराहूनही कमी. कायद्याची नोकरीविषयक कलमे 2 जुलै 1965 रोजी लागू झाली आणि त्याच दिवसापासून कंपनीने बाकीच्या विभागांतल्या नव्या भरतीसाठी लेखी चाचण्यांची अट घातली. योगायोग म्हणायचा तर खुशाल म्हणावा! 1971 मध्ये याच कंपनीविरुद्धच्या ग्रिग्ज खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावेच लागते असे नाही. सर्वांना सारखी दिसणारी अट एका वर्णाच्या लोकांना गाळत असेल आणि प्रत्यक्ष कामाशी तिचा संबंध दाखवता येत नसेल, तर ती बेकायदाच.

याच सुमारास आपण ब्रिटनमध्ये डोकावलो, तर तिथे वेगळीच शक्कल निघालेली दिसते. 1965 चा वंशसंबंध कायदा हॉटेले, थिएटरे अशा सार्वजनिक जागांपुरता होता. नोकऱ्या त्यातून सुटल्या होत्या. पॉलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग या संस्थेने मग एकाच नोकरीसाठी सारख्याच पात्रतेची माणसे पाठवून पाहिली: एक इंग्रज, एक कृष्णवर्णीय किंवा आशियाई, आणि एक हंगेरियन. या हंगेरियनाची योजना मला फार हुशारीची वाटते. 'परका म्हणून नाकारले, रंगामुळे नव्हे' ही पळवाट तो बंद करत होता, कारण परका असूनही तो गोरा होता. फरक ठळक निघाला आणि 1968 च्या कायद्यात नोकऱ्याही आल्या. पुढे रॉजर जॉवेल आणि पॅट्रिशिया प्रेस्कॉट-क्लार्क यांनी माणसांऐवजी लेखी अर्जच पाठवले. माणूस गेला, नाव उरले. 2004 मध्ये अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ बर्ट्रंड आणि मुल्लाइनाथन यांनी बोस्टन-शिकागोतला असाच प्रयोग प्रसिद्ध केला: गोऱ्या वळणाच्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणे, कृष्णवर्णीय वळणाच्या नावाला पंधरांमागे.

ही पद्धत भारतात आणली अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी. 66 आठवडे, 548 जाहिराती, 4,808 अर्ज. पात्रता सारखी, आडनावे उच्चवर्णीय, दलित किंवा मुस्लिम. मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त 2007 साली निष्कर्ष आले. उच्चवर्णीय नावाशी ताडून पाहता बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्थात असा प्रयोग साऱ्या बाजाराचा कल दाखवतो. अमुक एका उमेदवाराला जातीमुळेच डावलले, हे त्यातून ठरत नाही, आणि कागदावरच जन्मलेला उमेदवार फिर्याद तरी काय करणार? शिवाय जातीवरून भेद करण्याला मनाई करणारे राज्यघटनेचे 16 वे कलम सरकारी नोकऱ्यांपुरते आहे. थोरातांनी उत्तरे पाठवलेल्या जाहिराती खासगी कंपन्यांच्या होत्या.