भायखळ्याच्या तुरुंगातले ते दीडशे कैदी

पल्स पोलिओच्या मोहिमेत शिक्षकांना ड्युटी लागते, हे आपल्याला माहीत आहेच. काही वर्षांपूर्वी मी एका अंगणवाडी सेविकेबरोबर आमच्या शहरातल्या एका मोहल्ल्यात घरोघर फिरत होतो. एका दारात सेविकाताई बराच वेळ डोसाचे फायदे सांगत होत्या. आतून काही हालचाल नव्हती. मग पडद्याआडून एका बाईंनी मला विचारले, "सर, तुमने तुम्हारे बच्चों कू पिलाया क्या?" मी म्हणालो, "हौ आपा, सुबूच पिलाके निकला." पडदा बाजूला झाला आणि दोन लेकरे बाहेर आली.

त्या दिवशी घरी परतताना मला मुंबईच्या प्लेगची आठवण झाली. कारण नेमका हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईने एका परदेशी शास्त्रज्ञाला विचारला होता.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिला रुग्ण ओळखला. काखेत किंवा जांघेत गाठ, जोराचा ताप, आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये दोनच वर्षांपूर्वी, 1894 साली सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. उंदरावरच्या पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवला तो 1898 साली, आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे सरकार अंधारात चाचपडत होते. त्याने चुना मारला, गटारे धुतली, घरांची छपरे उघडली, सामान जाळले, आणि माणसे उचलून इस्पितळात नेली.

1897 साली साथरोग कायदा आला आणि या उचलण्याला कायद्याचे बळ मिळाले. पुण्यात घरझडतीसाठी गोरे सैनिक थेट आत शिरू लागले. 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. मुंबईतल्या मुस्लिम विणकरांचा उठाव मात्र पाठ्यपुस्तकात फारसा नसतो. 9 मार्च 1898 रोजी जुलाहा वस्तीत बारा वर्षांच्या एका मुलीला तपासायला पथक आले. घरच्यांनी नकार दिला, माणसे जमली, दगड सुरू झाले, दंगल पेटली. गोळीबार झाला, जीव गेले.

'मुसलमान औषधाला विरोध करतात' हे वाक्य तेव्हाही होते आणि आजही आहे. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथून पळूनही जाऊ नये, ही शिकवण आपल्याकडे हदीसमधून आलेली आहे. अमवासच्या ताऊनच्या वेळी, म्हणजे हिजरी 18 साली, हजरत उमर शामच्या वाटेवरून मागे फिरले होते, हेही आपण ऐकत आलो आहोत. विलगीकरणाची कल्पना या विणकरांना परकी नव्हती. त्यांना असह्य होते ते अनोळखी पुरुषांनी मुलीच्या अंगाला हात लावणे आणि न विचारता तिला नेणे. पुण्यातल्या हिंदू घरांची तक्रारही हीच होती. जमातींनी स्वतःची प्लेग रुग्णालये काढली, आपली माणसे देखभालीला ठेवली, तेव्हा त्यांतून रुग्ण येऊ लागले. त्याच काळात पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच प्लेग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. लोक कोणाला दार उघडत होते आणि कोणाला नाही, हे यावरून दिसते.

या सगळ्या धामधुमीत ग्रँट मेडिकल कॉलेजात एक माणूस रात्रंदिवस काम करत होता. वाल्डेमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, 1860 चा. धर्माने ज्यू, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि 1892 साली ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. मुंबईत प्लेग पसरताच सरकारने त्यांना ऑक्टोबर 1896 मध्ये इथे बोलावले. काम करायला मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

लस करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचे पाणी लागते. युरोपात त्यासाठी सर्रास गोमांस वापरत. इथे गाय चालणार नाही आणि डुक्करही चालणार नाही, हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस घेतले. आम्लात मुरवून केलेली ती एक प्रकारची यखनीच. तिच्यावर तुपाचे थेंब सोडले, की जंतू त्या थेंबांना धरून झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात. दर काही दिवसांनी बाटली हलवायची, म्हणजे ती झुंबरे तुटून तळाशी बसतात आणि नवी वाढू लागतात. असे काही आठवडे चालले, की सगळे तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. झाली लस. बकरा आणि तूप, दोन्ही आपल्याच बाजारातले. समोरच्या माणसाला काय चालते, याचा विचार लसीच्या पहिल्या बाटलीपासून होता.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. तीही 10 घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या तिपटीहून अधिक. ताप आला, अंग दुखले, पण ते उभे राहिले. मग आणखी काही मान्यवरांनी टोचून घेतले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले. साधारण दीडशे जण पुढे आले, बाकीचे राहिले. जेवण तेच, बराकी त्याच, पाणी तेच. फरक फक्त सुईचा. पुढच्या आठवडाभरात न टोचलेल्या सुमारे पावणेदोनशे कैद्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला आणि 6 मेले. टोचलेल्या दीडशेंपैकी दोघांना झाला, मेला कोणीच नाही. टोचले त्याच दिवशी ज्यांना आजार दिसला, ते या हिशोबात धरले नव्हते. जगातल्या पहिल्या काही लस-चाचण्यांपैकी ही एक.

1898 साली बडोद्याजवळच्या उंढेरा गावात याहून काटेकोर प्रयोग झाला. प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना टोचले, निम्म्यांना नाही. ज्या घरांत पुढे प्लेग आला त्या घरांचे आकडे असे : टोचलेले 71, त्यांपैकी आजारी 8, मृत्यू 3. न टोचलेले 64, त्यांपैकी आजारी 27, मृत्यू 26. एकाच चुलीवर जेवणाऱ्या, एकाच छपराखाली झोपणाऱ्या माणसांत हा फरक पडला. लस उपयोगी आहे, याला यापेक्षा मोठा पुरावा तेव्हा कोणी देऊ शकत नव्हते.

हा आकडा मी वर्गात सांगतो तेव्हा मुले टोचलेल्यांबद्दल विचारतात. मला मात्र ती 26 माणसे दिसतात. एका भावाला टोचले, दुसऱ्याला नाही. आई टोचलेल्यांत, मुलगी राहिलेल्यांत. त्यांच्या मरणातून आपल्याला खात्री मिळाली. आणि तुरुंगातल्या कैद्याने 'स्वेच्छेने' पुढे येणे म्हणजे तरी काय? ज्याच्या दाराला बाहेरून कडी आहे, त्याच्या होकाराची किंमत कशी करायची? हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेला आहे. त्या कैद्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. वैद्यकीय संशोधनाचा इतिहास लिहिताना ही दुसरी बाजूही लिहायला हवी.

लस सिद्ध झाली, तरी शहर रांगेत उभे राहिले नाही. सुई हातभर लांब असते, टोचले की माणूस तिथेच मरतो, पुरुष नामर्द होतात, अशा अफवा गावोगाव फिरल्या. इथे सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांचे नाव घ्यावे लागते. वय फक्त एकोणीस. त्यांनी आपल्या लोकांसमोर उघडपणे टोचून घेतले, आणि एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. माझगावातला आपला खुशरू लॉज हा बंगला त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिला. त्यानंतर खोजा जमातीतल्या हजारोंनी टोचून घेतले. त्या जमातीचे आकडे हाफकिन यांनी लसीच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडले आहेत. मुसलमान आणि लस यांची गोष्ट सांगायची, तर ती जुलाहा वस्तीतल्या दगडांपाशी संपत नाही. ती माझगावच्या त्या बंगल्यातही घडलेली आहे. 1899 साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. 1925 पर्यंत तिथून अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या.

पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात 107 जणांना टोचले. त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले, आणि ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. चौकशी समितीने बोट मुंबईच्या प्रयोगशाळेकडे दाखवले. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट चौकशीच्या कागदांतच होती. तरी रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहीपर्यंत 1907 साल उजाडले. मग हाफकिन निर्दोष ठरले आणि कलकत्त्याला कामावर परतले. 1930 साली लोझानमध्ये त्यांचे निधन झाले. मलकोवालच्या 19 घरांत मात्र कोणी परतले नाही. चूक झाली तर ती ताबडतोब, उघडपणे आणि नेमकी सांगितली पाहिजे. पाच वर्षे घोळ घातला, तर शास्त्रज्ञही बदनाम होतो आणि लोकही सुईपासून दूर जातात.

आज कायदा बदलला आहे. नव्या औषधाची किंवा लसीची चाचणी घ्यायची तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. भाग घेणाऱ्याला त्याला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते, तो कधीही बाहेर पडू शकतो, आणि कैद्यांसारख्या परावलंबी लोकांसाठी जास्त काळजी घ्यावी लागते. हे नियम कोणाच्या दयेतून आलेले नाहीत. जगभरातल्या अशा अनेक तुरुंगांनी, अनेक उंढेऱ्यांनी ते आपल्याला मिळवून दिले आहेत.

माझ्या वाचकांना, विशेषतः मोहल्ल्यातल्या माझ्या भावाबहिणींना, एवढेच सांगणे आहे. प्रश्न विचारायला लाजू नका. संमतीपत्र उर्दूत नाहीतर मराठीत मागा, वाचून घ्या, आणि शंका विचारा. उत्तर मिळाले की मात्र दार बंद ठेवू नका. आणि आपण जे शिक्षक, डॉक्टर, इमाम, नगरसेवक म्हणून लोकांच्या दारात जातो, त्यांनी आधी आपली बाही वर केलेली असावी. त्या आपांनी मला विचारले तेव्हा माझ्याकडे खरे उत्तर होते, म्हणून तो पडदा उघडला. नसते, तर मी कितीही आकडे सांगितले असते, तरी ती दोन लेकरे आतच राहिली असती.