फेरफार नोंदवही ते संगणकीय लॉग

हुबळी-धारवाड परिसरातील तारिहाळ हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. धारवाड जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता; त्यामुळे येथील जमीन-दप्तराचा इतिहास महाराष्ट्राच्या दप्तराशी जोडलेला आहे. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. तीत उतारा आजची स्थिती सांगतो, तर फेरफार नोंदवही ती स्थिती कोणत्या खरेदीने, वारसाने वा वाटणीने आली हे क्रमाने सांगते. उतारा नष्ट झाला तरी जुनी प्रत व त्यानंतरचे फेरफार यांवरून तो पुन्हा लिहिता येतो.

संगणकशास्त्राने हेच तत्त्व स्वीकारले. बदलाची नोंद आधी लॉगमध्ये पक्की करायची, मूळ तक्त्यात ती नंतर उतरली तरी चालते. या पद्धतीला सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एरीज’ या संशोधनाने शास्त्रशुद्ध रूप दिले. मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हर 2000 मध्ये पुनर्प्राप्तीचे सिंपल, फुल व बल्क-लॉग्ड असे तीन पर्याय आले.

याच काळात कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पाने सुमारे 67 लाख शेतकऱ्यांच्या 2 कोटी नोंदी संगणकावर आणल्या. हस्तलिखित उताऱ्याची जागा छापील उताऱ्याने घेतली आणि नोंद जपण्याची जबाबदारी डिस्कवर आली.

येथेच तारतम्य लागते. सिंपल पर्यायात लॉगची जागा आपोआप मोकळी होते, जागा वाचते. पण बिघाड झाल्यास शेवटच्या बॅकअपनंतरचे काम गेले. फुल पर्यायात हव्या त्या क्षणापर्यंत परतता येते. मात्र लॉगचा बॅकअप घेतल्याशिवाय त्यातील जागा मोकळी होत नाही. तो न घेतल्यास लॉग वाढत जाऊन डिस्क भरते व नवी नोंदच थांबते. दर 15 मिनिटांनी लॉग-बॅकअप घेतल्यास नुकसान साधारण तेवढ्याच वेळेपुरते राहते. परंतु या साखळीतील एक फाइल हरवली की पुढच्या फाइली निरुपयोगी ठरतात. पुढच्या पूर्ण बॅकअपपर्यंत हीच स्थिती. बॅकअप त्याच डिस्कवर ठेवणे म्हणजे दोन्ही दप्तरे एकाच खोलीत ठेवणे होय.

महाविद्यालयातील प्रवेश व गुणपत्रकांच्या नोंदींनाही हाच नियम लागू आहे. किती वेळाचे काम गमावणे परवडेल, हे आधी ठरवावे. डिस्कचा हिशोब त्यानंतर करावा. आणि परत उभी करून न पाहिलेली प्रत सुरक्षित मानू नये. फेरफार नोंदवहीने शतकापूर्वी शिकवलेला धडा हाच आहे.